उस्ताद परीक्षेला बसले तेव्हा

लातूरला मी बारावीला दोनदा बसले. पहिल्या वेळी मेडिकलला नऊ मार्क कमी पडले, दुसऱ्या वेळी चौदा. म्हणजे वर्षभर अजून घासून मी पाच मार्क मागं गेले. वडिलांनी निकालाचा कागद दोनदा उलटसुलट करून बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. भांडण मला लहानपणापासून चांगलं येतं.

डॉक्टर व्हायचं हे माझं नव्हे, वडिलांचं. भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आमचं गाव चाकूरच्या बाजूला, तिथं भिंती उभ्या राहिल्या पण चिरा अशा गेल्या की त्यातून शेजारच्यांचा कंदील दिसायचा. गावानं भाकरी थापून ट्रॅक्टर भरला आणि वडील तो घेऊन तिकडं गेले. तिथं त्यांनी एका तंबूत एक तरुण डॉक्टरीण बघितली. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, आणि म्हातारेकोतारे तिच्यापुढं हात जोडून उभे. दोन दिवसांनी परत आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "आपली पोरगी डॉक्टर होईल. लई मोठं काम हाय ते." झालं, ठरलं. त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष आम्ही शेतात विहिरीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मोटारीचा स्टार्टर माझ्या उशापासून दहा पावलांवर होता. तो दाबला की आधी एक खटका, मग गुरगुर, मग पाणी. मला तो आवाज आवडायचा, पण आवाजाचाही कोर्स असतो हे तेव्हा कुठं माहीत होतं.

लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. दर गल्लीत एक क्लास, दर घरावर एक मजला चढवलेला आणि त्या मजल्यावर आठ पोरी कोंबलेल्या. मी ज्या खोलीत राहायचे तिला स्लॅब होता, आणि दोन वर्षं मी त्या स्लॅबकडं डोळे लावून झोपले. आमच्या भागातल्या माणसाला विचारून बघा, भूकंपानंतर तो पत्र्याखाली जसा घोरतो तसा स्लॅबखाली घोरत नाही. दर रविवारी परीक्षा, सोमवारी भिंतीवर यादी, आणि यादीप्रमाणं बाकं बदलायची. पहिल्या बाकापासून सातव्यापर्यंतचा प्रवास मी केलेला आहे. तिथं विषय किती शिकले ते सोडा, पण पेपर कसा लिहायचा ते मात्र पक्कं शिकले. चार मार्कांना चार मुद्दे. आकृतीला चौकट. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ. आणि आमचे सर एक वाक्य रोज ऐकवायचे: तपासणारा समोर नमुना उत्तर ठेवून बसतो, तुमचं खरं-खोटं बघायला त्याला सवड नसते. हे वाक्य मी तावीजासारखं गळ्यात घातलं होतं.

दुसऱ्या निकालानंतर मामांनी मला नांदेडला नेलं. मामा विष्णुपुरीला धरणाच्या कॉलनीत राहायचे. "घरी बसून काय करून राहिलीस? चल, मामीला तरी मदत होईल," असं म्हणाले, पण महिन्याभरात मामी आणि मी भाजीच्या फोडी केवढ्या करायच्या यावरून दोनदा भांडलो आणि मामांना कळून चुकलं की मला घराबाहेर काढण्यात सगळ्यांचं हित आहे. कुठूनतरी ते एक कागद घेऊन आले. विद्यापीठाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, विद्युत मोटार आणि पंप दुरुस्ती. बारावी सायन्स असलं की प्रवेश. मामी म्हणाली, "पोरीच्या जातीनं तारा गुंडाळायच्या?" ती तसं म्हणाली म्हणून मी फॉर्म भरला. नाहीतर भरला नसता, खरं सांगते.

वर्ग एका कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये भरायचा. पत्र्याची शेड. मी आत शिरले, वर बघितलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आम्ही सोळा जण होतो, त्यात तीन मुली. दुसऱ्या आठवड्यात दोघी गेल्या, एकीचं लग्न ठरलं आणि दुसरीला वार्निशच्या वासानं डोकं धरायचं. उरले मी. थिअरीला एक तरुण सर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. ते विद्यापीठाची छापील पुस्तिका पहिल्या ओळीपासून वाचायला लागायचे आणि तास संपला की बोट ठेवून बंद करायचे, म्हणजे पुढच्या वेळी तिथून सुरू. प्रॅक्टिकल शिकवायला मात्र उस्ताद होते.

उस्तादांचं जुन्या नांदेडात मोटार भरायचं दुकान होतं. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या तांब्याच्या तारा काढून नव्या बसवणं. त्यांचे वडीलही तेच करायचे, निजामाच्या काळात मोठ्या लोकांचे पंखे भरायचे. उस्ताद पंचावन्नच्या पुढचे, बुटके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा. काम काळं, पण सदऱ्यावर डाग मी कधी बघितला नाही. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. मराठी बोलायचे अस्सल आमच्यासारखं, मधूनच "हौ" आणि "नक्को" टाकून. त्यांना तासावर नेमलेलं होतं, आणि कोर्सच्या कागदावर त्यांच्या हुद्द्याच्या जागी नुसतं "कारागीर" लिहिलेलं असायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला एकेक जळकी मोटार दिली आणि म्हणाले, "उघडा." मला वाटलं, लवकर करून दाखवावं. लातूरची सवय, जो आधी संपवतो तो हुशार. मी छिन्नी लावून फटाफट सगळी गुंडाळी कापली, तारा उपटून ढीग केला आणि हात झटकून उभी राहिले. उस्ताद आले, ढीग बघितला.

"एका कॉइलमध्ये किती वेढे होते?"

वेढे मोजायचे असतात हे मला कुठं ठाऊक.

"आता नवीन किती घालशील? अंदाजानं?"

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. मोटार उघडली की आधी एक कॉइल अख्खी सोडवायची, तिला दोऱ्यानं बांधायचं, चिठ्ठी लावायची आणि खिळ्याला टांगायची. तो नमुना. नवी मोटार भरून, चालवून, गिऱ्हाईक घेऊन जाईपर्यंत नमुना खिळ्यावरून काढायचा नाही. चिठ्ठीवर ते उर्दूत वेढे लिहायचे, आणि मोटार आणणाऱ्यानं काय सांगितलं तेही लिहायचे. जळायच्या आधी शिट्टी वाजत होती का, पाणी कमी झालं होतं का, लाइट डिम होती का. डॉक्टर तरी एवढं विचारतो का, असं माझ्या मनात आलं.

"बस आता," ते म्हणाले. "कापलेली टोकं मोज."

दोन तास मी जमिनीवर बसून तारांची टोकं मोजली. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा मी चिडून म्हणाले, "माझ्यानं नाही होत, तुमची मोटार तुम्ही ठेवा." उस्तादांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "राग मोटारीवर काढू नको बेटा. ती आधीच जळालेली आहे." बाकीची पोरं फिदीफिदी हसली. मी चहा प्याले आणि चौथ्यांदा मोजायला बसले. आकडा सांगितला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्या मोटारीचे वेढे त्यांना आधीच पाठ होते, हे मला फार पुढं कळलं.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. बोटांना तांब्याचा हिरवट रंग, नखांत वार्निश, मामीच्या घरात ताटावर बसण्याआधी तीन वेळा हात धुवायचे. खाचांत कागद बसवायचा, कॉइल हळूच सरकवायची, बांबूच्या पट्टीनं दाबायची. जोर लावला की तारेवरचा लेप खरवडतो. "तारेला समजू देऊ नको की तू दाबून राहिलीस," असं उस्ताद म्हणायचे. संध्याकाळी मोटार भरून झाली की ती चालू करायची, आणि सगळे जण गप्प उभे राहून ऐकायचे. नीट भरलेली मोटार बारीक सुरात चालते. तो सूर आला की उस्ताद डोळे मिटायचे, आणि मला माझा शेतातला स्टार्टर आठवायचा. दोन वर्षं ज्या डोक्याला सातवं बाक दाखवलं गेलं होतं, त्या डोक्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं. हे वाटणं किती मोठं असतं ते ज्याला कधी पहिलं बाक सोडावं लागलं नाही त्याला नाही कळायचं.

चौथ्या महिन्यात पत्र आलं. पुढच्या सत्रापासून कोर्सला शिकवणाऱ्याकडं त्या विषयाचं सर्टिफिकेट असलंच पाहिजे. थिअरीच्या सरांनी ते उस्तादांना आमच्यासमोरच वाचून दाखवलं. सर वाईट नव्हते, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनीच तोड काढली. उस्तादांचं नाव याच बॅचमध्ये घालायचं. हजेरी तर आहेच, परीक्षेला बसायचं, पास झाले की पुढच्या सत्रात परत शिकवायला.

उस्तादांनी पत्र हातात घेतलं, बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मी यांना जे शिकवलं ते मला येतं, असं कुणीतरी लिहून द्यायचं." मग हसले आणि आमच्या बाकावर येऊन बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, कारण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. तास संपल्यावर मी त्यांना म्हणाले, "उस्ताद, द्या सोडून. तुमचं दुकान आहे की."

ते बराच वेळ पकडीचं तोंड पुसत राहिले. "दुकान आहे, हौ. पण दुकानात मी एकटा हात चालवतो बेटा. इथं चौदा जणांचे चालतात." मग थोडं लाजून म्हणाले, "आणि घरी गडबड झालेली आहे. नातीनं शाळेत सांगून टाकलं, माझे दादा कॉलेजात शिकवतात. बाईंनी वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आता तिला काय सांगू?"

झालं. मी त्यांना पास करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर तासभर मी शिकवायचे आणि उस्ताद शिकायचे. छापील मराठी ते वाचू शकायचे, सावकाश, ओठ हलवत. लिहिणं दुकानाच्या पाट्या बघून जमवलेलं. मी त्यांना चार मुद्दे, चौकट, रेघ, सगळं लातूर शिकवलं. असा विद्यार्थी देवानं वैऱ्याला देऊ नये. "मोटार गरम होण्याची कारणे लिहा" म्हटलं की ते सुरू व्हायचे. नायगावच्या एका पाटलाच्या मोटारीत सरड्यानं घर केलं होतं. मुदखेडच्या एकानं बेअरिंगला ग्रीस म्हणून लोणी लावलं होतं.

"उस्ताद, सहा कारणं. पुस्तिकेत सहाच आहेत."

"पण लोणी?"

"लोण्याला मार्क नाहीत."

ते मान हलवून सहा लिहायचे आणि सातवं हळूच खाली बारीक अक्षरात लिहून ठेवायचे. मी ते खोडायचे. मी त्यांच्यावर ओरडले सुद्धा, एकदा पाटी आपटली. आपल्या बापाच्या वयाच्या माणसावर आपण ओरडतोय हे मला त्या वेळी दिसत नव्हतं. मला पेपर दिसत होता.

मग त्या आकृतीचा दिवस आला. मोटारीत कॉइलांचे गट असतात आणि ते एकमेकांना जोडायचे असतात. उस्तादांनी आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं: एका गटाचा शेवट दुसऱ्या गटाच्या शेवटाला जोडायचा. पुस्तिकेतल्या आकृतीत मात्र शेवट पुढच्या गटाच्या सुरुवातीला जोडलेला होता. मी पान उघडून समोर धरलं. उस्तादांनी चष्मा वर सरकवला, पुस्तिका उजेडाकडं केली आणि मोठ्यानं हसले.

"ही मोटार चालणार नाही. गुरगुरेल, तापेल आणि जळेल. छापणाऱ्यानं उलटं केलं."

मीही बघितलं. त्यांचं बरोबर होतं, मला तेवढं कळत होतं. तरी मी म्हणाले, "काही असो. पेपरात हीच आकृती काढायची."

"चुकीची?"

"तपासणारा पुस्तिका समोर ठेवून बसणार आहे. त्याच्याशी जुळली की पूर्ण मार्क. तुमचं खरं कोण बघतो?"

"बेटा, शिकवणारानंच असं काढलं तर पोरं तसंच जोडतील."

"आधी शिकवणारे व्हा ना. मग सांगा काय सांगायचं ते."

एवढं बोलून मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी शेडच्या फरशीवर ती आकृती काढली. पुसली, परत काढली. पहिल्या आठवड्यात त्यांचा हात त्या एका ठिकाणी येऊन थांबायचा, शेवटाकडं वळायचा, मी "हं" म्हटलं की सुरुवातीकडं जायचा. नंतर नंतर थांबेनासा झाला. मला आनंद झाला होता. माझ्या क्लासच्या सरांनाही पोरं घोटून तयार झाली की असाच आनंद व्हायचा.

थिअरीचा पेपर त्यांनी झकास लिहिला. बाहेर आले तेव्हा बोटाला शाई आणि चेहरा फुललेला. "आकृती काढली," म्हणाले, "चौकट पण केली." त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना भजी खाऊ घातली.

तीन दिवसांनी प्रॅक्टिकल. बाहेरून एक परीक्षक आले होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. दोन टेबलं मांडलेली, एका वेळी दोघांनी काम करायचं. पहिल्या जोडीत उस्ताद आणि मी. कॉइला बसवलेली मोटार तयार होती, फक्त जोडणी करून चालू करून दाखवायची. प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद ठेवला होता: दिलेल्या आकृतीप्रमाणे जोडणी करा. खाली पुस्तिकेतली तीच आकृती.

उस्तादांनी कागद बघितला. मग त्यांनी पकड खाली ठेवली आणि परीक्षकांकडं बघत उठायला लागले. काय बोलणार होते ते मला कळलं. लातूरच्या दोन वर्षांत मी परीक्षेत उठून प्रश्न चुकीचा आहे म्हणणारी पोरं बघितली होती, आणि त्यांचं काय होतं तेही बघितलं होतं. मी मान खाली ठेवूनच दबक्या आवाजात म्हणाले, "उस्ताद, बसा. कागदावर आहे तसंच करा. वाद घातला की मार्क गेले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मोटारीबद्दल मी त्यांचं ऐकायचे आणि परीक्षेबद्दल ते माझं, असं आमचं दोन महिन्यांत ठरूनच गेलं होतं. ते बसले.

त्यांचा हात माझ्यापेक्षा चौपट वेगाचा. माझी अर्धी जोडणी व्हायच्या आत त्यांची झाली. परीक्षक जवळ आले, म्हणाले, "करा चालू." उस्तादांनी स्विच दाबला. मोटार फिरली नाही. नुसती गुरगुरायला लागली, टेबल थरथरलं, आणि वार्निश तापल्याचा वास सुटला. उस्तादांनी त्याच क्षणी स्विच बंद केला. मी बघत होते, त्यांनी त्या स्विचवरून बोट काढलंच नव्हतं. पुढं काय होणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि निदान मोटार तरी जळू नये एवढं त्यांनी बघितलं.

परीक्षकांनी आकृतीवर बोट ठेवलं. "ही उलटी आहे. मला ठाऊक होतं, मुद्दाम तशीच ठेवली. काम येणारा माणूस ओळखतो की नाही ते बघायचं होतं." मग उस्तादांच्या पांढऱ्या केसांकडं बघून म्हणाले, "तुम्ही तीस वर्षं हेच काम करता असं ऐकलं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. उस्तादांनी माझ्याकडं न बघता, टेबलाखालून हाताचा पंजा माझ्या बाजूला आडवा धरला, थांब म्हणून. परीक्षेत बोलताना, दुसऱ्याला सांगताना सापडले असते तर माझाही पेपर गेला असता, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

"नजर चुकली साहेब," ते म्हणाले.

आणि मी गप्प बसले. मामीशी भाजीच्या फोडीवरून भांडणारी मी, पाटी आपटणारी मी. मी खाली बघितलं, माझ्या मोटारीची दोन टोकं सोडवली, शेवटाला शेवट जोडला आणि स्विच दाबला. बारीक सुरात चालली. परीक्षक खूश झाले, म्हणाले, "बघा, या मुलीच्या लक्षात आलं." उस्तादांनी सवयीनं डोळे मिटले होते.

पुढच्या पोरांना आकृती दुरुस्त करून दिली गेली आणि सगळे पास झाले. मी पहिली आले. तेरा वर्षं शाळा-कॉलेजात पहिलं न आलेली मी पहिली आले आणि वडील चाकूरहून पेढे घेऊन आले. त्यांनी मामांच्या दारात सगळ्या कॉलनीला पेढे वाटले. मला एकही गिळवला नाही. उस्ताद प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले होते.

त्यांना परत बसता आलं असतं. पण पुढचं सत्र लगेच सुरू होणार होतं आणि शिकवायला माणूस हवा होता, सर्टिफिकेटवाला. थिअरीचे सर मामांच्या घरी आले. आधीच्या बॅचमधल्या पहिल्या क्रमांकाला नेमता येतं, म्हणाले. पत्र घेऊनच आले होते. त्यावर माझं नाव होतं आणि नावापुढं "प्रशिक्षित निदेशक".

मी ते पत्र घेऊन तडक जुन्या नांदेडात गेले. उस्ताद दुकानात एका पंख्याला तार भरत होते. मी पत्र त्यांच्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "मी हे फाडणार आहे." ते म्हणाले, "आधी वाचून तर दाखव." मी वाचायला लागले आणि "प्रशिक्षित" या शब्दावर मला रडू फुटलं. असं रडू मला दोन्ही निकालांना आलं नव्हतं. मी म्हणाले, "उस्ताद, तुम्ही उठला होता. मी बसवलं तुम्हाला."

"तू बसवलंस. उठायला पाय तर माझेच होते," ते म्हणाले. तार त्यांनी दातात धरली होती ती काढली. "मी पण घाबरलो बेटा. तीस वर्षांत कुण्या मोटारीला घाबरलो नाही, कागदाला घाबरलो."

"नातीला काय सांगितलं?"

"अजून काही नाही सांगितलं."

त्यांनी चार वेढे घातले. मग म्हणाले, "घे ही नोकरी. तू नाही घेतलीस तर जो येईल तो आकृतीप्रमाणं जोडून शिकवेल. आणि ती पोरं गावोगाव जाऊन मोटारी भरतील. लोकांच्या विहिरींवर."

मी नोकरी घेतली. तीन सत्रं केली. पुढं लातूरला येऊन स्वतःचं दुकान टाकलं, ते अजून आहे. त्या तीन सत्रांत संध्याकाळी मी जुन्या नांदेडात जायचे, दिवसभरात अडलेलं विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच शिकवायचे. त्यांच्या नातीला कुणी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. एकदा ती दुकानात आली होती, दोन वेण्या, दप्तर. मला बघून "सलाम मॅडम" म्हणाली, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

पण मला अजून लख्ख आठवतो तो पहिला दिवस. पत्र्याची तीच शेड, समोर नवीन अठरा पोरं, प्रत्येकाच्या हातात नवीकोरी पुस्तिका. त्यातली दोघं-तिघं लातूरहून आलेली, त्यांच्या वह्यांच्या समासावरूनच मला ओळखू आली. मी सगळ्यांना ते पान उघडायला लावलं. पेन काढा म्हणाले, आकृतीवर फुली मारा. पोरं माझ्याकडं बघत राहिली, कुणाचा हात हलेना. एक जण भीत भीत म्हणाला, "मॅडम, पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका चुकलीय," मी म्हणाले. हे वाक्य मी महिन्याभरापूर्वी, याच शेडमध्ये, त्या टेबलापाशी उभी राहून बोलायला हवं होतं.